पुंगळी सात पावलांवर

साहेब, तुम्ही खोटा निष्कर्ष लिहिलात, आणि सही करताना तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.

चौकशी अहवालाचं चौथं पान. तुमच्या सहीच्या वर तीन वाक्यं आहेत. "शस्त्रात दोष आढळला नाही. पकड सैल असल्याने शस्त्र अडकले. सदर महिला रक्षक शस्त्र हाताळण्यास अपात्र." ही सदर महिला रक्षक म्हणजे माझी धाकटी बहीण. अकरा वर्षं न्यायालयाच्या पहाऱ्यावर आहे. तो अपात्र शब्द या महिनाअखेर तिच्या कागदांत कायम होणार. एकदा झाला की शाळेच्या फाटकावरसुद्धा तिला कुणी उभं करणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो. पिस्तूल कधी हातात न धरलेल्या माणसालाही कळेल असं सांगतो, म्हणजे तुम्हालाही कळेल.

मी दलाच्या शस्त्रागारात दुरुस्तीचं काम करतो. सव्वीस वर्षं झाली. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकलो. त्याची पहिली शिकवण त्याने नळी साफ करायच्या सळईने माझ्या डोक्यात घातली होती. चाचणीला जाणारं हत्यार असं गेलं पाहिजे की आपल्या टेबलाची मान खाली जाता कामा नये. स्वच्छ करायचं, तेल द्यायचं, थकलेली स्प्रिंग काढून नवी घालायची, जुनीला ओळखू यावी म्हणून दोरा बांधून डब्यात टाकायची. मी हे इतक्या वेळा केलंय की आता डोक्याला विचारावं लागत नाही. हात करतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या टेबलावर दोन पिस्तुलं आणून ठेवलीत आणि म्हणालात, ताडून बघ. एक आमचं नेहमीचं, पूर्ण मापाचं. त्याचा आराखडा शंभर वर्षांहून जुना आहे आणि माझ्या जन्माच्या आधीपासून दलात आहे. दुसरं त्याचंच आखूड रूप, नवंकोरं. शस्त्रागारात त्यांची नावं त्याच दिवशी पडली. थोरलं आणि धाकटं.

चार दिवस मी आणि नेमबाजी शिकवणारे मास्तर त्या दोघांच्या मागे होतो. मास्तर म्हणजे नव्वद किलोचा माणूस, मनगट ओंडक्यासारखं, तोंड त्याहून जड. प्रत्येकातून सहाशे गोळ्या झाडल्या. थोरल्याची नळी पाच इंच, धाकट्याची साडेतीन. थोरल्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, सात गोळ्या, धाकट्याच्या सहा. थोरल्याच्या मुठीवर पाची बोटं बसतात. धाकट्याच्या मुठीवर करंगळीला जागाच नाही, ती पाहुण्यासारखी बाहेर लोंबकळते. दहा पावलांवर दोघांचा नेम सारखा, सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. पंचवीस पावलांवर थोरलं बशीएवढ्या जागेत मारत होतं, धाकटं परातीएवढ्या. नळी आखूड झाली की नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळ येतात, हाताची जराशी चूक लांबवर मोठी होते. आणि धक्का. वजन कमी, गोळी मात्र तीच. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात फडकं गुंडाळताना मास्तर म्हणाले होते की थोरलं ढकलतं आणि धाकटं थोबाडीत मारतं.

धाकटं वाईट नाही. ज्याला दिवसभर कोटाखाली हत्यार बाळगायचंय आणि कुणाला दिसू द्यायचं नाहीये, त्याच्यासाठी ते उत्तम आहे. बसताना टोचत नाही, कोट फुगत नाही. हेही मी लिहिलं होतं. पण दारात उघड उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ते द्यायचं कारण काय, हेही लिहिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, त्याला स्लाइड म्हणतात, जोरात मागे जातो. जाताना काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर भिरकावतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, आणि पुढे येता येता तो मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत घालतो. जाणं धक्क्याच्या जोरावर, येणं स्प्रिंगच्या जोरावर. थोरल्याला या येरझारीसाठी दिवाणखान्याएवढी जागा आहे. धाकट्याला न्हाणीघराएवढी. तेवढ्यात तेच काम उरकायचं म्हणजे स्प्रिंग ताठ लागते. धाकट्यात एकीच्या पोटात एक अशा दोन असतात, आणि मरमर काम केलेलं माणूस जसं लवकर थकतं तशा त्या थकतात. मी लिहिलं: थोरल्याची स्प्रिंग तीन हजार गोळ्यांनी बदलावी, धाकट्याची जोडी एक हजारांनी. खाली तांबड्या शाईने दोन रेघा मारल्या.

माझी तीन पानं तुमच्याकडे गेली आणि तुमच्याकडून एक ओळ बाहेर आली. दोन्हींचा आराखडा एकच असल्याने देखभालीचे वेळापत्रक एकच राहील, तीन हजार. सदरा कापून लहान करता येतो. पिस्तूल कापून लहान केलं की ते वेगळं पिस्तूल होतं, एवढी अक्कल शिंप्यालाही असते. वाटपाच्या दिवशी तुम्ही सभागृहात धाकटं उंच धरून म्हणालात, मूर्ती लहान पण कीर्ती महान. सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू.

त्याच दिवशी दुसरा हुकूम निघाला. ज्यांचे हात लहान, त्यांना लहान पिस्तूल. म्हणजे बायका आणि बुटके. माझी बहीण चार फूट अकरा इंच. दलात तिला पावशेर म्हणतात आणि तीही ओ देते. थोरल्या पिस्तुलाने तिने तीनदा दलाची नेमबाजी जिंकली होती. तिचं थोरलं काढून घेऊन तुम्ही धाकटं हातात ठेवलंत तेव्हा ती काय म्हणाली ते तुम्ही विसरला असाल. सभागृह विसरलेलं नाही.

"साहेब, मला बूट लहान लागतात. पिस्तूल नाही."

तुम्ही म्हणालात, मुलगी मजेशीर आहे. आणि पुढचं नाव पुकारलंत.

धाकट्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिने सराव वाढवला. दर शनिवारी दोन मॅगझिनं, बारा गोळ्या, एकही शनिवार न चुकता. बाकीचे बहुतेक वर्षातून एकदा सक्तीची चाचणी देतात आणि पिस्तूल पट्ट्यात लटकवून मोकळे होतात. त्यांची धाकटी अजून ठणठणीत आहेत. तीन वर्षांत, सक्तीच्या चाचण्या धरून, हिच्या पिस्तुलातून एक हजार नऊशे चव्वेचाळीस गोळ्या गेल्या. सराव वहीत आकडा आहे. ज्या बाईने सगळ्यांत जास्त मेहनत केली तिचंच पिस्तूल सगळ्यांत आधी थकलं, आणि तुम्ही म्हणता तिची पकड सैल.

नव्या स्प्रिंगा मी चार वेळा मागितल्या. चारही वेळा मागणीपत्र शिक्का घेऊन परत आलं. मुदत पूर्ण नाही.

माझ्या डब्यात एक जादा जोडी होती. तुलनेच्या वेळी धाकट्याच्या पेटीत आलेली. मास्तर म्हणाले, पावशेरच्या पिस्तुलात घाल, वहीत सगळ्यांत मोठा आकडा तिचाच आहे. मी नाही म्हणालो. एक जोडी, बेचाळीस धाकटी पिस्तुलं, आणि ती जायची माझ्याच बहिणीकडे? उद्या कुणी म्हणायला नको की आपला तो बाब्या. मास्तर म्हणाले, अरे शहाण्या, सख्खी म्हणून तिला जास्त देऊ नकोस, पण सख्खी म्हणून कमी तरी का देतोस? मी डब्याचं झाकण लावलं. प्रामाणिकपणाची मिजास, दुसरं काही नाही.

मग तो मंगळवार. सकाळचे साडेअकरा, न्यायालयाचा दुसरा मजला. बहीण आणि तिचा जोडीदार, त्याला सगळे लांब्या म्हणतात, एका आरोपीला तीन नंबरच्या खोलीतून बाहेर आणत होते. त्याला सोडवायला जिन्याने त्याचे दोन साथीदार वर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लोखंडी सळया. पहिला फटका लांब्याच्या कोपरावर बसला, हाड तिथेच गेलं. बहिणीने पिस्तूल काढलं. समोर बाकांवर माणसं होती म्हणून पहिली गोळी तिने मुद्दाम भिंतीत घातली. जमाव खाली बसला, समोर फक्त एक सळईवाला उरला. तिने दुसऱ्यांदा चाप ओढला. काही नाही. स्लाइड अर्ध्यात थांबली होती आणि पुढची गोळी नळीच्या तोंडाशी वाकडी अडकली होती. अडकलेलं पिस्तूल मोकळं करायला तिला दोन सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय. सळई खाली यायला एक लागतो. ती फटका हातावर झेलून आत घुसली आणि पिस्तुलाची मूठ त्याच्या नाकावर मारली. तो आडवा झाला. तेवढ्यात दुसरा सळईवाला आरोपीला घेऊन जिन्याने पसार.

एक जण पकडला गेला तो त्या निर्दोष शस्त्राचा हातोडा केल्यामुळे. हे अहवालात नाही.

दुसऱ्या दिवशी ते पिस्तूल मोहरबंद पिशवीतून माझ्या टेबलावर आलं. सोबत चिठ्ठी. चाचणीसाठी तयार करावे. शब्द तुमचेच आहेत.

आणि मी तयार केलं. मोहर फोडली, पिस्तूल उघडलं, साफ केलं, तेल दिलं. थकलेली जोडी काढली, डब्यातली नवी घातली, जुनीला दोरा बांधला, रोजच्या वहीत नोंद केली. स्प्रिंग जोडी बदलली. डोक्यात बहीण होती, लांब्याचं कोपर होतं, आणि हात सव्वीस वर्षांचं काम करत होते. चाचणीला जाणारं हत्यार. टेबलाची मान. कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो की असं कोण करेल. मी केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुमच्या चौकशी समितीसमोर मास्तरांनी त्यातून पन्नास गोळ्या झाडल्या. मी मागे भिंतीला टेकून मोजत होतो आणि हत्यार नीट चालतंय म्हणून मनातून खूश होतो. तिसाव्या गोळीला मला आठवलं की आतली जोडी नवी आहे. पन्नासावी सुटली तेव्हा तुम्ही डबीतून चष्मा काढलात आणि लिहायला लागलात.

दुपारी मी तुमच्या खोलीत आलो. सगळं सांगितलं. स्प्रिंग बदलली, वहीत नोंद आहे, जुनी माझ्याकडे आहे, पन्नास गोळ्यांना काही अर्थ नाही. तुम्ही दार लावून घेतलंत. नाचता येईना त्याला अंगण वाकडं असतं म्हणालात. मग चहा मागवलात आणि हळू आवाजात जे बोललात ते शब्दाला शब्द असं:

"तू तिचा भाऊ. पुराव्याला हात तू लावलास. हे कागदावर आणायचंय का तुला?"

मी चहा पिऊन खाली आलो. आठ दिवस गप्प बसलो. त्या आठ दिवसांचं उत्तर मला द्यावं लागेल आणि ते मी देईन, पण तुम्हाला नाही.

अहवालाची प्रत नवव्या दिवशी बहिणीच्या हातात पडली. ती माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. संध्याकाळी खाली आली, जेवायच्या टेबलावर कागद ठेवला, खुर्ची ओढून बसली. तिच्या हाताला अजून सळईचा निळा वळ होता. माझ्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने घेतला नाही. मला म्हणाली, पन्नास गोळ्या एकदाही न अडकता कशा गेल्या, ते सांग. तू सांगशील, बाकी कुणी सांगणार नाही.

मी सांगितलं. काही ठेवलं नाही. संपल्यावर तिने एवढंच विचारलं,

"ती जोडी डब्यात कधीपासून होती, दादा?"

"तीन वर्षं."

"म्हणजे समितीसाठी घातलीस. माझ्यासाठी नाही घातलीस."

बायको उठून आत गेली. मला वाटलं बहीण आता रडेल किंवा कागद माझ्या तोंडावर फेकेल, आणि फेकला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती मुळात नेमबाज आहे. चुकलेल्या गोळीकडे ती बघत बसत नाही. तिने तो अहवाल पुन्हा उलगडला, पानं मागे नेली आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे जागेच्या पाहणीची नोंद आहे. रिकामी पुंगळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मिळाली. रक्षक उभी होती तिथून सात पावलं.

"सैल पकडीची पुंगळी कुठे पडते?" ती म्हणाली. "तू कारागीर आहेस ना? सांग."

मी सांगणार काय. सव्वीस वर्षं हेच बघतोय. मनगट ढिलं असलं की धक्क्याला टेका मिळत नाही, धक्का हातच खाऊन टाकतो. स्लाइड पूर्ण मागे जात नाही, आणि पुंगळी बाहेर पडायच्या खाचेच्या तोंडातच अडकते किंवा पायाशी येऊन पडते. सात पावलं उडते ती फक्त स्लाइड जोरात, शेवटपर्यंत मागे गेली तर. म्हणजे पकड घट्ट होती. जाणं बरोबर झालं, बिघडलं ते येणं. आणि येणं हे मनगटाचं काम नाही, स्प्रिंगचं आहे. तुमच्या दुसऱ्या पानाने तुमचं चौथं पान खोटं ठरवलंय, आणि मधलं तिसरं पान तुमच्याशिवाय कुणी वाचलंच नसावं, कारण त्यावर माझ्या वहीतली नोंद तशीच्या तशी उतरवलेली आहे. स्प्रिंग जोडी बदलली. तोंडीही सांगितलं होतं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

बहीण उठली. जाताना दारात थांबून म्हणाली, मास्तरांना उद्या सकाळी बोलाव, आणि या वेळी हत्यार सजवू नकोस.

सकाळी सराव मैदानावर मी आणि मास्तर. परवानगी विचारली नाही, त्याची शिक्षा वेगळी करा. शस्त्रागारातलंच राखीव, कुणाला न वाटलेलं धाकटं घेतलं, जेमतेम शंभर गोळ्या झाडलेलं. आधी त्याच्याच स्प्रिंगांवर मास्तरांनी मुद्दाम मनगट ढिलं सोडून बारा गोळ्या मारल्या. तीन पुंगळ्या तोंडात अडकल्या, बाकीच्या दीड-दोन पावलांवर. मग पकड घट्ट करून बारा. एकही अडकली नाही, पुंगळ्या सहा-सात पावलांवर. मग मी दोरा सोडला आणि बहिणीच्या पिस्तुलातली जुनी जोडी त्यात घातली. त्यातून काढलेल्या जोडीशेजारी ती धरून पाहिली तर बाहेरची स्प्रिंग चांगली पाच कड्यांनी आखूड झाली होती. तेच मास्तर, तीच घट्ट पकड, चोवीस गोळ्या. पाच वेळा स्लाइड अर्ध्यात थांबली, पुढची गोळी वाकडी, आणि रिकामी पुंगळी तिकडे लांब गवतात. मी पावलं मोजली. सहा, सात, सात, सहा, सात.

मास्तरांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, आपल्या ओंडक्यासारख्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, घ्या, मीही अपात्र. या चाचणीचे आकडे मी कागदावर उतरवले, त्यावर त्यांची सही आहे. दुपारी प्लास्टरमधल्या हाताने लांब्याने साक्ष म्हणून सही केली. मैदानावर तो नव्हता, पण त्या मंगळवारी पुंगळी त्याच्या कानावरून गेली होती.

आता माझी बाजू. पुराव्याला हात मी लावला. चुकून लावला, पण लावला. माझ्यावर काय लिहायचं ते लिहा, मी सही करतो. माझ्या बहिणीच्या कागदावर ते लिहू नका. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तुमची जुनी खोड आहे, पण या वेळी चोर स्वतः चालत आलाय आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. चार मागणीपत्रांवर शिक्का कुणाचा आहे? तीन हजारांचा हुकूम कुणाचा? लांब्याचा हात आता पूर्ण सरळ होणार नाही, त्याचा हिशेब कुठल्या वेळापत्रकात बसतो?

उरलेली एक्केचाळीस धाकटी पिस्तुलं आजही पट्ट्यांत आहेत. त्यांतल्या सहांचे आकडे सराव वहीत हजाराच्या पुढे गेलेत. तीही माणसं उद्या सकाळी कुठल्यातरी दारात उभी राहणार आहेत.

जुनी जोडी दोरा बांधून माझ्याकडे आहे, कुणाला देणार नाही. मैदान तुमचं, दिवस तुमचा. मी ती सगळ्यांसमोर बहिणीच्या पिस्तुलात घालेन. आधी ती झाडेल, मग मास्तर, मग तुम्ही. तुमच्या पकडीबद्दल दलात कुणी कधी शंका घेतलेली नाही.

पण त्याआधी एकच सांगा, आणि लेखी सांगा, महिना संपायच्या आत सांगा. मनगट सैल होतं, तर पुंगळी सात पावलांवर कशी गेली?